क्लेम नेमका कुठे अडतो? धंद्याच्या लायबिलिटी पॉलिसीवरून होणारे कोर्टातले वाद

कारखान्याला आग लागली तर विमा कंपनी आपलं नुकसान भरून देते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. लायबिलिटी पॉलिसीत नुकसान आपलं झालेलंच नसतं, ते दुसऱ्याचं झालेलं असतं. ते तुमच्यामुळे झालं असं तो म्हणतो, आणि कायद्याने त्याला जी भरपाई द्यावी लागेल ती तुमच्या वतीने विमा कंपनीने द्यायची असते. त्यामुळे वाद सुरू होतो तेव्हा त्यात तीन पक्ष असतात, आणि तिघांचे हिशेब वेगळे असतात.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच छोट्या उद्योजकांकडे ही पॉलिसी असते, कारण मोठ्या कंपनीने व्हेंडर म्हणून नोंदणी करताना ती मागितलेली असते. सर्टिफिकेट जोडलं, ऑर्डर मिळाली, पॉलिसी फायलीत गेली. तिच्यात काय लिहिलंय हे वकिलाची नोटीस आल्यावरच पहिल्यांदा वाचलं जातं. हे फार महागात पडतं, म्हणून एक उदाहरण घेऊन सगळं उलगडून सांगतो. उदाहरण कल्पित आहे, त्यातले कायद्याचे मुद्दे मात्र खरे आहेत.

समजा, अंबडमधला एक कारखाना कोल्ड स्टोरेजसाठी लोखंडी रॅक बनवतो. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसला त्याने ऑगस्टमध्ये रॅक बसवून दिले. मार्चमध्ये, ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये, एक रॅक वेल्डिंगपाशी तुटून कोसळला. खाली काम करणाऱ्या एका हमालाचा पाय मोडला. द्राक्षाच्या पेट्या चेपल्या. पडता पडता रॅकने अमोनियाची पाइपलाइन तोडली, आणि गॅसमुळे शेजारच्या खोलीतला मालही काळा पडला. कोल्ड स्टोरेज काही दिवस बंद राहिलं आणि निर्यातीची एक ऑर्डर हुकली. पॅकहाउसने ५० लाखांची नोटीस पाठवली: चेपलेली द्राक्षं ७ लाख, गॅसने खराब झालेली द्राक्षं ११ लाख, हमालाला दिलेली भरपाई ४ लाख, नवे रॅक ६ लाख आणि हुकलेली ऑर्डर २२ लाख.

कारखानदार म्हणतो, "माझ्याकडे पॉलिसी आहे, कंपनी बघून घेईल." कंपनी म्हणते, "बसत नाही."

इथे दोन वेगळी भांडणं आहेत. पहिलं पॅकहाउस आणि कारखानदार यांच्यातलं: रॅक कोणाच्या चुकीने पडला, वेल्डिंग कच्चं होतं की पॅकहाउसने क्षमतेपेक्षा जास्त वजन चढवलं? दुसरं कारखानदार आणि विमा कंपनी यांच्यातलं: ही जबाबदारी पॉलिसीच्या शब्दांत बसते का? पहिल्यात तुम्हाला सिद्ध करायचं असतं की चूक माझी नाही. दुसऱ्यात तुमचं हित उलटं असू शकतं, कारण तुमच्यावर काही जबाबदारीच येत नसेल तर कंपनीने द्यायचं तरी काय? बहुतेक लोक दुसरं भांडण हरतात ते पहिलं भांडण घाईने आणि चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

आधी पॉलिसी कोणती ते पाहू. "लायबिलिटी" नावाखाली तीन-चार वेगळ्या पॉलिसी मिळतात. आपल्या जागेत काही घडून बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर पब्लिक लायबिलिटी. आपण विकलेल्या मालातल्या दोषामुळे दुसरीकडे काही घडलं, तर प्रॉडक्ट लायबिलिटी. आपल्याच कामगाराला कामावर इजा झाली, तर कामगार भरपाईची पॉलिसी. सल्ला किंवा डिझाइन चुकलं, तर प्रोफेशनल इंडेम्निटी. आपल्या कारखानदाराकडे फक्त पब्लिक लायबिलिटी असती तर गोष्ट इथेच संपली असती, कारण रॅक त्याच्या जागेत पडलेला नाही. असं होतं, आणि व्हेंडर म्हणून "लायबिलिटी पॉलिसी जोडा" इतकंच सांगितलेलं असतं तेव्हा सर्रास होतं. आपण धरू की त्याच्याकडे प्रॉडक्ट लायबिलिटी होती, एका अपघाताला २५ लाख आणि वर्षाला ५० लाख मर्यादेची. नोटीस ५० लाखांची असली तरी एका घटनेसाठी कंपनी २५ लाखांवर जाणार नाही. बहुतेक पॉलिसींत वकिलाचा आणि बचावाचा खर्चही याच मर्यादेतून जातो.

आता नोटिशीतली एकेक रक्कम घेऊ.

नवे रॅक, ६ लाख. हे बसत नाही. दोष असलेल्या मालाचीच दुरुस्ती किंवा बदली या पॉलिसीत नसते, तो तुमच्या धंद्याचा खर्च आहे. मालामुळे इतर कशाचं नुकसान झालं तेवढंच पॉलिसी पाहते.

हुकलेली ऑर्डर, २२ लाख. सर्वांत मोठा वाद इथे होतो. बहुतेक पॉलिसींत निव्वळ आर्थिक नुकसान, गुडविल जाणं, बाजार हुकणं हे वगळलेलं असतं. कंपनी म्हणेल, हे बाजार हुकणं आहे. कारखानदाराचा वकील म्हणेल की निव्वळ कसं? रॅक प्रत्यक्ष पडला, माल प्रत्यक्ष खराब झाला, आणि त्या भौतिक नुकसानीच्या पोटी ही ऑर्डर गेली. हा युक्तिवाद पोकळ नाही, पण वगळणुकीच्या कलमात "निव्वळ" हा शब्द आहे की सरसकट "बाजार हुकल्याने होणारे नुकसान" असं लिहिलंय, त्यावर २२ लाख लटकलेले असतात. आपल्या जिल्ह्याला निव्वळ आर्थिक नुकसान म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. कोणी आजारी पडल्याचा दावा नव्हता, कोणाची वस्तू मोडली नव्हती, तरी निर्यातदार आणि शेतकरी कर्जात गेले. साध्या प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसीतून अशा वेळी काही मिळत नाही. माल परत मागवण्याचा खर्च हवा असेल तर त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

हमालाची भरपाई, ४ लाख. हमाल पॅकहाउसच्या कामावर होता, त्यामुळे कामगार भरपाईच्या कायद्याने आधी पॅकहाउसवर जबाबदारी आली, तिथे चूक कोणाची हे पाहिलं जात नाही. ठेकेदाराचा माणूस असला तरी मुख्य मालकाला हात वर करता येत नाहीत. पण अपघात तिसऱ्याच्या दोषाने झाला असेल तर दिलेली रक्कम त्या तिसऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क १९२३ च्या कायद्याने मालकाला दिला होता. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कारखानदाराच्या दृष्टीने हमाल बाहेरचा माणूस आहे, त्यामुळे ही रक्कम त्याच्या प्रॉडक्ट पॉलिसीत बसायला हवी. पॅकहाउसने भरपाई वेळेवर भरली नसेल आणि व्याज लागलं असेल तर काय, हा प्रश्न मात्र उरतो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हर्षदभाई मोधिया प्रकरणात सांगितलं की मोटार विम्याबाहेरच्या अशा पॉलिसीत विमा कंपनी कराराने व्याजाची जबाबदारी वगळू शकते. कामगारांसाठी पॉलिसी घेताना व्याज धरलंय का, हे म्हणूनच विचारायचं.

चेपलेली द्राक्षं, ७ लाख. दोष सिद्ध झाला तर हे सरळ बसतं.

गॅसने खराब झालेली ११ लाखांची द्राक्षं इतकी सरळ नाहीत. पॉलिसीत प्रदूषणाचं कलम असतं, आणि प्रदूषणाचं कव्हर जादा प्रीमियम भरूनच मिळतं. कंपनी म्हणेल, अमोनिया गळला, हे प्रदूषण. कारखानदार म्हणेल, मी अमोनिया वापरतच नाही, माझा रॅक पडला आणि त्यातून पुढचं सगळं घडलं. कोर्ट अशा वेळी घटनांची साखळी लावून पाहतं आणि जिने खरी गती दिली ती घटना शोधतं. २००९ च्या झुआरी इंडस्ट्रीज प्रकरणात स्विचबोर्डमधल्या शॉर्टसर्किटपासून बॉयलरच्या नुकसानीपर्यंतची साखळी सर्वोच्च न्यायालयाने अशीच लावली आणि आग हेच मूळ कारण धरून कंपनीला जबाबदार ठरवलं. तरीही कलमात "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे प्रदूषणातून उद्भवणारे" असे रुंद शब्द असतील तर ही लढाई अवघड होते. माझ्या मते इथे कारखानदाराची बाजू जड आहे, पण मी त्याला ११ लाख धरून चालायला सांगणार नाही.

आता तारखांकडे येऊ. लायबिलिटी पॉलिसी आणि आगीची पॉलिसी यांत सगळ्यात मोठा फरक तारखांचा आहे, आणि तो समजावून सांगणारं क्वचितच कोणी भेटतं. आगीच्या पॉलिसीत आग कधी लागली ते पाहतात. आपल्याकडच्या बहुतेक पब्लिक आणि प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसींत दोन तारखा पाहतात: घटना पॉलिसीत दिलेल्या मागच्या तारखेनंतर (रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या दिवसापासूनच्या घटना पॉलिसी धरते ती तारीख) घडलेली हवी, आणि तुमच्यावरचा दावा पॉलिसीच्या मुदतीत पहिल्यांदा लेखी आलेला हवा. आपल्या उदाहरणात पॉलिसी १ एप्रिल ते ३१ मार्च आहे. रॅक पडला २६ मार्चला. वकिलाची नोटीस आली २० एप्रिलला. कारखानदाराने दरम्यान दुसऱ्या कंपनीकडून थोडी स्वस्त पॉलिसी घेतली, आणि नव्या पॉलिसीत मागची तारीख पडली १ एप्रिल. जुनी कंपनी म्हणते, दावा आमच्या मुदतीत आलेला नाही. नवी म्हणते, घटना आमच्या तारखेच्या आधीची आहे. दोन्ही वर्षांचा प्रीमियम भरलेला असूनही माणूस मधल्या फटीत पडला.

यावर उपाय पॉलिसीतच असतो. बऱ्याच पॉलिसींत अशी तरतूद असते की ज्या घटनेतून पुढे दावा येऊ शकतो ती मुदतीत कंपनीला लेखी कळवली आणि कंपनीने ती नोंद घेतली, तर दावा नंतर आला तरी तो त्याच मुदतीतला धरला जातो. म्हणजे २७ मार्चला चार ओळींचा ईमेल पुरला असता: "काल दिनांक २६ मार्च रोजी आमच्या कारखान्यातून पुरवलेला रॅक ग्राहकाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कोसळला. एक व्यक्ती जखमी असून मालाचं नुकसान आहे. यातून आमच्यावर दावा येण्याची शक्यता आहे. कृपया नोंद घेऊन सर्व्हेअर नेमावा." आणि कंपनी बदलताना जुनीच मागची तारीख नव्या पॉलिसीवर लिहून घ्यायची.

रॅक पडला त्याच संध्याकाळी कारखानदाराने पॅकहाउसच्या मालकाला व्हॉट्सअ‍ॅप केला: "भाऊ, वेल्डिंगमध्ये आमच्याच पोरांची चूक दिसतेय. काळजी करू नका, सगळं भरून देतो." माणूस म्हणून हे समजण्यासारखं आहे, नातं टिकवायचं असतं. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये, तडजोड करू नये, पैसे देऊ नयेत, ही अट जवळजवळ प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीत असते. या एका मेसेजने पॅकहाउसला पुरावा मिळाला आणि विमा कंपनीला नकाराचं आयतं कारण. त्याऐवजी असं लिहिता आलं असतं: "भाऊ, निघालोय. हमालाला दवाखान्यात नेलं का? माल हलवायला माणसं पाठवतो. विमा कंपनीला कळवतोय, सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेला रॅक तसाच ठेवा आणि फोटो काढून ठेवा." या मेसेजमधेही माणुसकी आहे, फक्त जबाबदारीची कबुली नाही.

पुढे कंपनीने नकार कळवला. नकाराच्या पत्राला रिपुडिएशन लेटर म्हणतात आणि वादात त्याइतका महत्त्वाचा दुसरा कागद नाही. २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नकाराच्या पत्रात न घेतलेला मुद्दा, तिथे उशिरा कळवल्याचा, कंपनीला नंतर कोर्टात काढता येत नाही. म्हणून तोंडी "बसत नाही" ऐकून परत यायचं नाही. कारणं लेखी मागायची, आणि पत्रात कोणतं कलम उद्धृत केलंय ते आपल्या पॉलिसीशी पडताळायचं. हे कलम आपल्याला मुळात कधी दिलं होतं का, हेही पाहायचं. अनेकांना फक्त दोन पानांचं शेड्यूल मिळतं, आतल्या अटींची पुस्तिका मिळतच नाही. मॉडर्न इन्शुलेटर्स या २००० च्या निकालापासून कोर्टाने सांगितलंय की न कळवलेल्या वगळणुकीच्या कलमाचा आधार कंपनीला घेता येत नाही. २०२२ चं टेक्सको मार्केटिंग प्रकरण तर डोळे उघडणारं आहे. दुकान तळघरात होतं, कंपनीने जागा पाहून पॉलिसी दिली, आग लागल्यावर म्हणाली की तळघर वगळलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही: ज्या कारणासाठी करार केला तोच पुसून टाकणारं कलम चालणार नाही.

आपल्या कारखानदाराला आलेल्या पत्रात आणखी एक कारण होतं: रॅकची लोड टेस्ट केली नाही, म्हणजे जाणूनबुजून नियम मोडला. या मुद्द्यावर मला राग येतो, कारण तो फार सहज वापरला जातो. निष्काळजीपणा हाच तर लायबिलिटी पॉलिसीचा विषय आहे. कोणाची काही चूक झाली नाही तर सहसा जबाबदारीच येत नाही, मग पॉलिसी कशाला? वगळलेला असतो तो मुद्दाम केलेला नियमभंग, म्हणजे माहीत असून, परिणाम कळून, तरी केलेला. या दोहोंतलं अंतर मोठं आहे, आणि वगळणुकीचं कलम लागू होतं हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो.

"शंका असेल तर अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावतात" हे वाक्य एजंटपासून वकिलापर्यंत सगळे ऐकवतात. १९६६ च्या चांदमल जैन निकालापासून ते तत्त्व आहे खरं. पण त्यावर विसंबून राहू नका. शब्द स्पष्ट असतील तर कोर्ट ते जसेच्या तसे घेतं. २००४ मध्ये हरचंद राय प्रकरणात घरफोडीच्या व्याख्येत बळाचा वापर लिहिला होता, तो झाला नव्हता, म्हणून दावा गेला. आणि २०१६ मध्ये ओरिसाच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की दोन्ही बाजूंनी ठरवलेल्या व्यापारी करारात हे तत्त्व लागू करता येत नाही. धंद्याच्या पॉलिसीत तुम्ही व्यापारी आहात, हे कंपनीचा वकील नक्की आठवण करून देईल.

दाद कुठे मागायची? मालकीची एकहाती फर्म किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतची तक्रार करता येते. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. ग्राहक आयोगात जाताना "तुम्ही धंदा करता, ग्राहक कसे?" असं विचारलं जाईल. त्याचं उत्तर २०२३ च्या हरसोलिया मोटर्स निकालात आहे: विमा नफ्यासाठी नसतो, नुकसान भरून काढण्यासाठी असतो, म्हणून व्यापारी संस्थाही ग्राहक ठरू शकते. कोणत्या आयोगात जायचं हे २०१९ च्या कायद्यानुसार मागणीच्या रकमेवरून ठरत नाही, भरलेल्या प्रीमियमवरून ठरतं. प्रीमियम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यामुळे छोट्या-मध्यम कारखान्याचं जवळजवळ प्रत्येक प्रकरण नाशिकच्या जिल्हा आयोगातच बसतं. मुदत दोन वर्षांची. साक्षी-उलटतपासणी मोठी असेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात व्यापारी दावा लावता येतो. विम्याचे वाद २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यात येतात, मूल्य किमान ३ लाख हवं, आणि तातडीचा आदेश मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ही पायरी गाळली तर दावा फेटाळला जातो, हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने पक्कं केलंय.

ज्यांची द्राक्षं त्या खोलीत होती त्या शेतकऱ्यांचं काय? रॅकवाल्याच्या पॉलिसीखाली ते थेट मागू शकतील असं सहसा नसतं, त्यांनी रॅकवाल्यावर किंवा पॅकहाउसवर दावा करायचा. पण पॅकहाउसची स्वतःची मालाची पॉलिसी असेल आणि त्यात ठेवीदार शेतकऱ्यांचा माल धरलेला असेल, तर गोष्ट बदलते. कर्नाटकातल्या ब्याडगीला २०१४ मध्ये मिरचीचं कोल्ड स्टोरेज जळालं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शेतकऱ्यांना पॉलिसीचे लाभार्थी आणि म्हणून ग्राहक मानलं. कोल्ड स्टोरेजला माल ठेवताना त्यांच्या पॉलिसीची प्रत मागण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार वाटायला हवा.

भोपाळनंतर आलेला १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा वेगळा आहे. घातक रसायनं ठरावीक प्रमाणाच्या वर हाताळणाऱ्यांना तो विमा सक्तीचा आहे, आणि चूक सिद्ध न करता तातडीची मदत जिल्हाधिकारी ठरवतात. मोठ्या अमोनिया प्लांटवाल्यांनी तो तपासावा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी मंडप, वीज, केटरिंग, बॅरिकेडची कामं घेणाऱ्यांनी एका कलमाकडे विशेष लक्ष द्यायला हवं. निविदेत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कामातून उद्भवणाऱ्या सर्व दाव्यांपासून कंत्राटदार प्राधिकरणाला मुक्त ठेवेल. सही करताच तुम्ही कायद्याने तुमच्यावर येणार नाही अशी जबाबदारीही अंगावर घेता. आणि लायबिलिटी पॉलिसीत करारानेच अंगावर आलेली, एरवी न येणारी जबाबदारी वगळलेली असते. निविदेचं ते पान झेरॉक्स करून विमा कंपनीला द्या, हे कव्हर होतं का ते लेखी विचारा, होत नसेल तर एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेला लेखी बदल) मागा, आणि एंडॉर्समेंटची तारीख काम सुरू होण्याच्या आधीची आहे ना ते पाहून मगच खांब रोवा.